पाम ते बटुमी : मामा-भाचीचा एक वाद

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बटुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना टायब्रेकवर येऊन ठेपला होता. पटाच्या एका बाजूला ३८ वर्षांची कोनेरू हंपी. दुसऱ्या बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, पहिला जलद डावही तसाच सुटला. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. शेवटच्या टप्प्यात, घड्याळ दोघींच्याही मानगुटीवर असताना, हंपी चुकली आणि दिव्यानं डाव काढला. त्या एका डावानं तिला विश्वचषक दिला, कँडिडेट्स स्पर्धेतली जागा दिली आणि शिवाय ग्रँडमास्टर किताबही दिला. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर, आणि महिलांमध्ये चौथी.

पाच दिवसांनी, २ ऑगस्टला, नागपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तिचा सत्कार झाला आणि राज्य सरकारनं तीन कोटी रुपये दिले. घरोघरी टीव्हीवर ते दृश्य दिसलं, आणि ज्या घरात बुद्धिबळाचा पट आहे त्या प्रत्येक घरात एकच प्रश्न आला : आपल्या पोरीलाही या वाटेला लावावं का?

पालघर तालुक्यातलं पाम हे असंच एक गाव. बोईसर स्थानकावरून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे समुद्र. इथल्या एका घरात मामा आणि भाचीमध्ये या प्रश्नावर जो वाद होऊ शकेल, तो पुढे मांडला आहे. ही दोन माणसं कल्पित आहेत; त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत. मामा तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. देखभाल विभागात आयुष्य गेल्यामुळे आकडा तपासल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय. भाची वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि रविवारी गावातल्या मुलांना बुद्धिबळ शिकवते. वादाचं निमित्त म्हणजे मामांची नात. ती पाचवीत आहे, आणि भाचीच्या वर्गात मुलग्यांना हरवते.

"अठ्ठ्याऐंशीत चार," मामांनी सुरुवातच आकड्यानं केली. "आनंद १९८८ साली पहिला ग्रँडमास्टर झाला. तिथपासून सदतीस वर्षांत चार बायका. आता तूच सांग, या हिशेबावर एखाद्या पोरीचं आयुष्य आखायचं का?"

"मामा, तुम्ही बेरीज केलीत. वर्षं बघा," भाची म्हणाली. "हंपी २००२. हरिका द्रोणवल्ली २०११. वैशाली २०२३. दिव्या २०२५. पहिल्या दोघींत नऊ वर्षं गेली, दुसरी-तिसरीत बारा, आणि तिसरी-चौथीत दोनच. बटुमीत शेवटच्या आठ जणींमध्ये आपल्या चौघी होत्या. या चौघीच."

"आणि त्यातल्या तिघी आधीपासूनच ग्रँडमास्टर. म्हणजे नवीन एकच."

"एकच, पण ती आभाळातून पडलेली नाही. पंधरावं मानांकन होतं तिचं. चौथ्या फेरीत दुसऱ्या मानांकनाच्या झू जिनरला बाहेर काढलं. उपांत्यपूर्व फेरीत हरिकाला, उपांत्य फेरीत तान झोंग्यीला. तान माजी जगज्जेती आहे, आणि तिच्याशी निकाली डाव १०१ चालींचा झाला. नशिबावर एखादा डाव निघेल मामा, अख्खी स्पर्धा नाही निघत."

मामांना हे मान्य होतं. पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता. दिव्या चांगली खेळते यात शंका कोण घेतंय? ती अपवाद आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि अपवादाचं कौतुक करावं, त्याचं वेळापत्रक करू नये.

भाचीनं मग वेळापत्रकच समोर ठेवलं. जन्म ९ डिसेंबर २००५. पाचव्या वर्षी पट हातात. २०१२ साली सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला दहा वर्षांखालील जागतिक विजेतेपद, २०१७ साली ब्राझीलला बारा वर्षांखालील. २०२१ साली वुमन ग्रँडमास्टर. २०२२ साली महिलांची राष्ट्रीय विजेती. २०२३ साली कझाकस्तानातल्या अल्माटीला आशियाई विजेती. त्याच वर्षी कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत जलद प्रकारात पहिली, आणि त्या स्पर्धेत जगज्जेती जू वेनजुन आणि हंपी दोघीही खेळत होत्या. २०२४ साली गांधीनगरला ज्युनिअर मुलींची जगज्जेती, अकरापैकी दहा गुण. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाला पहिलंवहिलं सुवर्ण. कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे, आणि तिसऱ्या पटावर दिव्याचे अकरापैकी साडेनऊ गुण, वैयक्तिक सुवर्णासह.

"यात चमत्कार कुठं आहे? एकावर एक पायरी आहे," ती म्हणाली.

मामा बराच वेळ ती वर्षं मनात लावत राहिले. मग त्यांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं जिथं यादी विरळ होती.

"२०१७ ते २०२१. बाराव्या वर्षी जगज्जेती, मग एकदम पंधराव्या-सोळाव्या वर्षी किताब. मधली चार वर्षं काय चाललं होतं?"

"खेळत होती. २०२० साली ऑनलाइन ऑलिंपियाडच्या भारतीय संघात होती, रशियाबरोबर संयुक्त सुवर्ण मिळालं."

"ते सोड. खर्च कोण करत होतं?"

इथं भाचीला थांबावं लागलं, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. बटुमीत विजयानंतर ती जिच्या गळ्यात पडून रडली ती आईच. नागपुरात राहुल जोशींसारखा प्रशिक्षक सुरुवातीला मिळाला, पुढे चेन्नईच्या आर. बी. रमेश यांच्या गुरुकुलाचं मार्गदर्शन मिळालं. परदेशातल्या स्पर्धा, सोबत जाणारं घरचं माणूस, घरी राहणाऱ्या माणसाची तारेवरची कसरत, हे सगळं पेलणारं घर होतं.

"आणि हे एकट्या दिव्याचं नाही," मामा आता रंगात आले. "जगज्जेता झालेल्या गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन. पोरासाठी प्रॅक्टिस थांबवली. हंपीच्या वडिलांनी नोकरी सोडली आणि स्वतःच तिचे कोच झाले. प्रज्ञानंद आणि वैशाली या भावंडांची आई जगभर त्यांच्याबरोबर फिरली. तुझ्या त्या पायऱ्या मला मान्य आहेत गं. पण प्रत्येक जिन्याखाली कुणाची तरी थांबलेली नोकरी आहे. आपल्या गावात सकाळच्या पाळीला जाणारा बाप नोकरी थांबवेल का? आणि त्यानं थांबवावी का?"

या प्रश्नाला 'जिद्द असेल तर सगळं होतं' हे उत्तर देता येतं, आणि सत्कारसमारंभात ते नेहमी दिलं जातं. भाचीनं दिलं नाही. तिनं उदाहरण दिलं ते तमिळनाडूचं.

"वैशालीचे वडील बँकेत नोकरीला. घरात दोन मुलं खेळणारी, म्हणजे खर्च दुप्पट. तरी दोघंही ग्रँडमास्टर झाले. का? चेन्नईत वेलम्मलसारखी शाळा आहे, जिथं खेळणाऱ्या पोराच्या गैरहजेरीवरून कुणी घरी चिठ्ठी पाठवत नाही. गुकेशही त्याच शाळेचा. २०१३ साली त्या राज्यानं शाळाशाळांत बुद्धिबळ नेलं. २०२२ साली ऑलिंपियाड मामल्लपुरमला भरवलं. एका शहरात इतके ग्रँडमास्टर आहेत की सरावाला जोडीदार शोधत फिरावं लागत नाही. घर कमी पडलं तिथं शाळा, शहर आणि सरकार उभं राहिलं. दिव्याला नागपूरहून चेन्नईच्या गुरूकडं बघावं लागलं, हा आपल्याकडं काय कमी आहे त्याचाच पुरावा नाही का?"

"म्हणजे तुझ्या मते साचा तयार केला की झालं?" मामांनी विचारलं. चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांसाठी डाय कोरण्याचा धंदा घरोघरी चालतो, त्यामुळे साचा म्हणजे काय हे इथं कुणाला समजवावं लागत नाही. "डाय एकदा नीट कोरला की त्यातून हजार नग निघतात. माणसाचं तसं नसतं. चेन्नईत वर्ग लावणारी हजारो पोरं असतील. त्यातला गुकेश एकच."

"हजारांतून एकच निघतो हे खरं. पण ते हजार तरी हवेत ना? आपल्याकडं दहाच असतात, आणि त्यातल्या मुली दोन."

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. त्यांनी विषय बदलला, आणि वाद अशा ठिकाणी गेला जिथं दोघांच्या बाजू अनपेक्षितपणे उलटल्या.

"मुली दोन असण्याचं कारण सांगू? तुम्हीच मुलींचा वेगळा गट करता. शंभर मीटर धावण्यात वेगळा गट समजतो मला. पटावर वजीर सरकवायला ताकद कसली लागते? वेगळा गट केला की पोरीला लहान डोंगर दाखवल्यासारखं होतं. तोच चढून ती खूश."

निवृत्त गृहस्थाच्या तोंडी हे वाक्य नवं वाटेल. पण मामांचं हे मत जुनं आहे, आणि त्याला कारण आहे 'नवाकाळ' हे दैनिक. नीळकंठ खाडिलकरांचा अग्रलेख वाचल्याशिवाय ज्यांची सकाळ सुरू होत नसे त्या पिढीतले ते. त्याच खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगळूरला झाली, ती वासंतीनं जिंकली. जयश्री १९७९ साली भारताची पहिली वुमन इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणीनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं आणि १९८१ साली हैदराबादला आशियाई स्पर्धा एकही डाव न हरता जिंकली.

"पण मी सांगतोय ती गोष्ट १९७६ची," मामा म्हणाले. "रोहिणी तेरा वर्षांची. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की बाईला कुठल्याही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. आणि ती नुसती बसली नाही. गुजरात, महाराष्ट्र आणि बंगालच्या राज्यविजेत्यांना तिनं हरवलं. पन्नास वर्षांपूर्वी तेरा वर्षांच्या मराठी पोरीनं कोर्टातून उघडून घेतलेलं दार आहे ते. आज त्यातून आत कोण जातं?"

भाचीला हा इतिहास ठाऊक होता. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारचं उदाहरणही तिनं मामांच्या आधीच काढलं : ज्युडिट महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही, पुरुषांबरोबरच खेळली, जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोचली आणि २००२ साली मॉस्कोत कास्पारोव्हला जलद डावात हरवलं. इतकं सगळं मान्य करूनही तिचं मत उलट होतं.

"बटुमीची स्पर्धा महिलांची होती म्हणूनच दिव्याला तिथं ग्रँडमास्टर किताब मिळाला. एरवी वाट कोणती? अडीच हजार रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे तगड्या स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी तीनदा. एकेका नॉर्मसाठी तगड्या स्पर्धा शोधा, विमानाची तिकिटं काढा, हॉटेलं धरा. किती मुली तिथवर टिकतात? महिलांच्या गटात बक्षीस असतं, बातमी होते, प्रायोजक येतो. त्या पैशावर मुलगी पुढच्या स्पर्धेला जाते. वुमन ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग लागतं, ग्रँडमास्टरला २५००. तुम्ही त्याला लहान डोंगर म्हणता. मी म्हणते, तो पहिला तळ. तिथं तंबू टाकता आला नाही तर वरचा डोंगर दिसतसुद्धा नाही."

"आणि पोरगी तंबूतच राहिली तर?"

"दिव्या राहिली का? विश्वचषक जिंकल्यावर दोन महिन्यांत समरकंदला ग्रँड स्विसमध्ये ती खुल्या गटात खेळली. नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या खुल्या विश्वचषकातही बसली."

"आणि पहिल्याच फेरीत हरली."

"हरली. ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून. हरायला तिथं बसावं लागतं ना, मामा?"

ही देवाणघेवाण इथं कुणाच्याही बाजूनं संपत नाही, आणि बुद्धिबळाच्या जगातही संपलेली नाही. बटुमीत विजेत्या दिव्याला ५० हजार डॉलर मिळाले. गोव्यात खुल्या गटाच्या विजेत्याला १ लाख २० हजार. खुल्या गटात महिलांना बंदी नाही, महिलांच्या गटात पैसा कमी आहे, आणि या दोन वाक्यांच्या मधे एका खेळाडूला आपलं वर्षाचं वेळापत्रक बसवायचं असतं. जानेवारी २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथं चॅलेंजर्स गटात पुरुषांबरोबर खेळून आल्यावर दिव्यानं जाहीरपणे लिहिलं होतं, की प्रेक्षक तिच्या खेळाकडं कमी आणि कपडे, केस, उच्चार यांकडं जास्त बघत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलगा असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. मामांच्या 'वेगळा गट कशाला' या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे. आणि भाचीच्या 'पहिला तळ' या युक्तिवादाला हाच आक्षेपही आहे, कारण मुली खुल्या गटात सर्रास दिसू लागल्याशिवाय प्रेक्षकांची नजर बदलणार नाही.

मामांचा शेवटचा मोठा प्रश्न साधा होता आणि तो कुठल्याही पालकाचा असतो. जमलं नाही तर पुढं काय?

इथं भाचीकडं उत्तर तयार होतं, आणि ते मामांच्याच वर्तमानपत्रातलं होतं. रोहिणी खाडिलकर पुढं 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या, जयश्री खाडिलकर-पांडे 'नवाकाळ'च्या. त्यांच्या नंतरच्या पिढीतल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले या दोघींनी राष्ट्रीय विजेतेपद प्रत्येकी पाच वेळा मिळवलं आणि दोघींनाही पद्मश्री मिळाली. सांगलीची स्वाती घाटे, पुण्याच्या ईशा करवडे आणि सौम्या स्वामीनाथन यांनी हा धागा पुढं नेला. सौम्या तर २००९ साली ज्युनिअर मुलींची जगज्जेती झाली. महाराष्ट्रात दिव्याच्या आधी निदान तीन पिढ्या आहेत. त्यांच्यातली एकही पूर्ण ग्रँडमास्टर झाली नाही, पण एकीचंही आयुष्य वाया गेलं असं कुणी म्हणणार नाही.

"खाडिलकरांच्या घरात छापखाना होता," मामा म्हणाले. "वाया जायला जागाच नव्हती."

"म्हणूनच म्हणते, शाळा सोडायची नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला मी शाळा सोडायला सांगितलेलं नाही. दहावीपर्यंत दोन्ही चालवायचं. दिव्यासुद्धा नागपूरच्या भवन्स शाळेची विद्यार्थिनी होतीच की."

मामा पहिल्यांदाच थोडे सैलावले. त्यांना वाटत होतं भाची त्यांच्या नातीला शाळेतून काढायला निघाली आहे. भाचीला वाटत होतं मामांना मुलीचं खेळणंच नको आहे. दोन्ही चूक होतं. आणि आता कुठं खरा हिशेब सुरू झाला.

पाममधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे त्यांनी एकेक करून मोजलं. शिकण्याचं साहित्य मिळतं. एके काळी रशियन पुस्तकांसाठी मुंबईला खेटे घालावे लागत. आज लिचेससारखं संकेतस्थळ आणि स्टॉकफिशसारखं इंजिन फुकट आहे. जगज्जेता ज्या इंजिनावर आपला डाव तपासतो, तेच मोबाइलवर पाचवीतल्या मुलीलाही तपासता येतं. तेव्हा 'खेड्यात काय मिळणार' ही तक्रार अर्धी तरी जुनी झाली आहे.

उरलेली अर्धी मात्र जशीच्या तशी आहे. मोबाइलवर खेळून जागतिक महासंघाचं पारंपरिक प्रकारातलं रेटिंग मिळत नाही. त्यासाठी समोरासमोर, आर्बिटरच्या देखरेखीखाली, रेटेड स्पर्धेत बसावं लागतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यापासून वेगळा झाला. कागदावर जिल्हा झाला, तरी चांगली स्पर्धा म्हटली की आजही तोंड मुंबईच्या दिशेलाच वळतं. बोईसरहून चर्चगेट शंभरेक किलोमीटर. रविवारी सकाळच्या फेरीला पोचायचं तर पहाटेची गाडी, परतताना डहाणू लोकलची वाट, आणि मुलगी असल्यामुळे सोबत एक मोठं माणूस. म्हणजे भाडं दोघांचं आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडालेला. एंट्री फी या खर्चातली सगळ्यात लहान रक्कम असते. मुलगा तेरा-चौदाचा झाला की गावातल्या दोन मित्रांबरोबर एकटा जातो. मुलीला त्याच वयात 'आता पुरे' असं सांगितलं जातं. मामांनी ज्या चार वर्षांवर बोट ठेवलं होतं, तीच ही वर्षं.

"तुझी वर्षं बघ," मामा म्हणाले. "सात वर्षांखालील, दहा वर्षांखालील, बारा वर्षांखालील. तिथवर कौतुकाला माणसं असतात, ढाली असतात. एकोणिसाव्या वर्षी तीन कोटी आहेत. मधे काही नाही. तीन कोटी देऊ नयेत असं मी म्हणत नाही, तिनं ते कमावलेत. पण ते गाडी पोचल्यावर मिळालेलं तिकीट आहे."

भाचीला हेच म्हणायचं होतं. फक्त ती ते 'व्यवस्था' या शब्दात म्हणत होती आणि मामा जमाखर्चात. राष्ट्रीय महासंघानं अलीकडं सात ते एकोणीस वर्षांखालील गटांतल्या आघाडीच्या मुलामुलींसाठी विद्यावेतन जाहीर केलं आहे, हे तिनं सांगितलं. मामांनी लगेच विचारलं, आघाडीच्या म्हणजे किती? देशभरातून मोजक्या. म्हणजे जी आधीच वर आली तिला हात. जी जिल्ह्यातून राज्यात जायला धडपडते आहे, तिची सोय अजून घरच्याच खिशातून.

मग मामांनी त्यांच्या ओळखीच्या जगातला एक आकडा काढला. कंपनी कायदा, २०१३, कलम १३५. ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून जास्त आहे, किंवा जिची उलाढाल अथवा निव्वळ मालमत्ता कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेइतकी किंवा त्याहून जास्त आहे, तिला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ आणि राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ यांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. तारापूरच्या वसाहतीत रसायनं, औषधं, पोलाद, कापड अशा धंद्यांचे लहानमोठे कारखाने आहेत, शेजारी १९६९पासून चालणारं अणुवीज केंद्र आहे. सगळेच या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पण जे येतात त्यांच्या दृष्टीनं एका मुलीचा वर्षभराचा स्पर्धाखर्च म्हणजे जमाखर्चात न दिसणारी रक्कम.

"पट वाटू नका म्हणावं त्यांना," भाची म्हणाली. "पट सगळे वाटतात. फोटो चांगला येतो. प्रवासाचा खर्च द्या, आणि सोबत जाणाऱ्या बाईचा रोज द्या."

"आणि वर्षातून दोन रेटेड स्पर्धा बोईसरमध्येच घ्या. मुंबईची पोरं येऊ देत की एकदा इकडं, पहाटेची गाडी पकडून," मामांनी भर घातली.

नातीचा निर्णय त्या दुपारी झाला तो असा : शाळा सुरू राहील, रविवारचा वर्ग सुरू राहील, आणि मोठ्या सुट्टीत ती पहिल्या रेटेड स्पर्धेत बसेल. मुलींच्या गटात की खुल्या, यावर मामा-भाचीचं एकमत झालं नाही. दोन्हींत बसवू, असं नातीनंच सांगितलं.

दिव्याच्या कारकिर्दीचा धडा 'मुलींनी स्वप्नं बघावीत' इतकाच काढला तर तो फारच स्वस्तात काढल्यासारखा होईल. स्वप्नं १९७४ सालीही बघितली जात होती, आणि १९७६ साली त्यांच्यासाठी कोर्टाचा उंबरठाही चढला गेला. मराठी घरांनी आपलं काम पन्नास वर्षं केलं आहे. बाकी आहे ते घराबाहेरचं काम : जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित रेटेड स्पर्धा, खेळणाऱ्या मुलीची हजेरी समजून घेणारी शाळा, आणि बारा ते सोळा या वयात प्रवासाला पैसे. बोईसर-तारापूरमधल्या कंपन्यांच्या सामाजिक निधीची कामं ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी येत्या वर्षाच्या यादीत ही एक ओळ घालावी : पालघर जिल्ह्यातल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या मुली, वय बारा ते सोळा, सोबतच्या पालकासह प्रवासखर्च.